वरची खोली धरायची की नाही

ग्लेन डर्ग, केप ब्रेटन
९ सप्टेंबर १९७९

प्रिय लॉकी,
(किंवा हे पत्र पोचेपर्यंत त्या पत्त्यावर जो कोणी राहायला आला असेल तो,)

मी बरी आहे. बॉयलर बरा नाही. तळघरातला तो लोखंडी रेडा तुझ्या आजोबांनी कोळशासाठी आणला, तुझ्या बापानं तो तेलावर चालवला, आणि आता तो दोन्ही सोडून नुसता खोकतो. तेलाची टाकी खालून पाझरते. तेलवाला सांगून गेला, "एफी, टाकी आणि बॉयलर बदलल्याशिवाय या घरात मी एक थेंब ओतणार नाही." इतकी वर्षं ओतताना त्याला काही दिसलं नाही. तेल महाग झालं तशी त्याची नजर सुधारली.

म्हणून आपल्या बेटावरच्या सिडनीच्या एका कंपनीला कळवलं. त्यांनी एक टायवाला पाठवला. टायवाला अर्थातच पुढच्या दाराशी उभा. ते दार तुझ्या बापाची शवपेटी बाहेर नेल्यापासून कोणी उघडलेलं नाही. मी आतून ओढतेय, तो बाहेरून ढकलतोय. शेवटी तो टायसकट दिवाणखान्यात येऊन पडला.

उठून त्यानं खोल्या मोजल्या.
"घरात माणसं किती?"
"एक."
"आणि खोल्या सात?"
"तुम्हीच आत्ता मोजल्यात."
"वरच्या खोलीत कोण राहतं?"
"माझा भाचा."
"कधी असतो?"
"गेली तीन वर्षं येणारच आहे."

त्यानं हे लिहून घेतलं नाही. बॉयलर, टाकी, सगळे रेडिएटर, सगळे पाइप, सगळं नवं: बत्तीसशे डॉलर. मग आवाज बारीक करून म्हणाला, "बाई, इनव्हर्नेस गावात म्हाताऱ्या माणसांसाठी नव्या खोल्या झाल्यात. ऊब भाड्यातच मिळते." मी एकोणसाठ वर्षांची आहे. त्याला चहा दिला, दुसरा दिला नाही.

आता तुला एकच विचारायचंय. सरळ उत्तर दे, सवय नसली तरी. वरची तुझी खोली धरायची का? नाही धरली तर वर जाणारे पाइप तोडून त्यातलं पाणी काढायचं, जिन्याच्या तोंडाला प्लायवूड ठोकायचं, आणि वर हिवाळ्याला मोकळं रान द्यायचं.

फोन करू नकोस. आपल्या एकाच तारेवर पाच घरांचे फोन आहेत आणि शेजारची मेरी जॅनेट तर ताटावरून उठून ऐकते.

अजून गोठली नाही अशी,
एफी आत्या

*

फोर्ट मॅकमरे, अल्बर्टा
२० सप्टेंबर

प्रिय आत्या,

पत्त्यावर अजून मीच आहे. तुझं पत्र मुकादमानं माझ्याआधी वाचलं आणि तो म्हणतो, तुझी आत्या इथे पाठव, तीन माणसं काढून टाकतो.

बत्तीसशे? त्यात टायवाला पण मिळतो का? की तो वेगळा घ्यायचा?

हे बघ, शाळा मी आठवीत सोडली, पण इथे दिवसभर पाइपांनाच गोधड्या गुंडाळत असतो. पाइपाला थंडी वाजू नये म्हणून ही माणसं जेवढा जीव टाकतात तेवढा माझ्यासाठी कोणी टाकला असता तर मी पाद्री झालो असतो. तेव्हा या बाबतीत माझं ऐक. रेडिएटरना हात लावू देऊ नकोस. खिडकीखालचं ते जाड बीड आपल्या सगळ्यांना पुरून उरेल. नवे रेडिएटर विकणारा माणूस म्हणजे तुझे चांगले दात काढून कवळी विकणारा. बॉयलर बदल, टाकी बदल, फुटका पाइप असेल तो बदल. आणि कोटेशनमध्ये प्रत्येक गोष्ट वेगळी मांडायला सांग. बॉयलर इतका, टाकी इतकी, पाइप इतका, मजुरी इतकी. जो सगळं एका आकड्यात सांगतो तो त्या आकड्यात स्वतःची नवी गाडी पण घालतो.

दुसऱ्या कोणाला तरी बोलव. टाय नसलेला बघ.

सोबत दोनशे पाठवतोय. म्हाताऱ्यांच्या खोल्यांचं मनावर घेऊ नकोस. तुला तिथे ठेवलं तर पंधरवड्यात बाकीचे म्हातारे पळून जातील.

खोलीचं बघू.

लॉकी

*

ग्लेन डर्ग
३ ऑक्टोबर

प्रिय लॉकी,

"खोलीचं बघू" हे दोन शब्द वाचायला मी चष्मा शोधला होता. दोनशे मिळाले. चहाच्या डब्यात ठेवलेत. उत्तराऐवजी पैसे ही पद्धत तुमच्या अल्बर्टात चालत असेल.

टाय नसलेला मिळाला. फिलियास डीव्हो, शेटिकॅम्पचा फ्रेंच माणूस, विधुर, पाइपाचं काम बापाच्या वेळेपासून. तोही पहिला पुढच्या दाराशीच गेला. मी खिडकीतून ओरडले, "मागनं या, इथे कोणी मेलेलं नाही!" तर तो मागे आला आणि स्वयंपाकघराचं दार ठोकत बसला. ठोकत! मला वाटलं पोलीस. आत येऊन टोपी हातात धरून उभा, मी सांगेपर्यंत बसला नाही.

आता माझी अक्कल ऐक. माणूस येणार म्हणून मी पहाटेपासून लाकडाची चूल पेटवली होती. ओटची बिस्किटं भाजली, सूप ठेवलं, सगळ्या खोल्यांची दारं उघडून ठेवली. घरात आलेल्याला थंडी वाजली तर आईनं कबरीतून उठून मला बदडलं असतं. फिलियासनं आधी कोट काढला, मग स्वेटर, मग कपाळ पुसलं. भिंतीला हात लावून म्हणाला, "बाई, हे घर तर तापलंय. थंडी कुठून शिरते ते मी बघू कसं?"

थंडी मोजायला बोलावलेल्या माणसाला मी घामानं निथळवलं. अशी मी एकटीच असेन असं वाटलं होतं, पण तो म्हणाला, शेटिकॅम्पला सगळ्या घरी हेच होतं. त्याच्या बायकोनंही एकदा केलं होतं.

मग तळघरात जाऊन तासभर बॉयलरशी फ्रेंचमध्ये बोलला. वर आला तेव्हा डोळे ओले होते. धूर असेल. आता चूल न पेटवलेल्या दिवशी पुन्हा येणार आहे.

त्यानंही विचारलं, वर कोण राहतं. मी म्हटलं, चौकशी चालू आहे.

एफी आत्या

*

कोल्ड लेक, अल्बर्टा
१४ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

पत्ता बदललाय हे बघून बोंब मारू नकोस. मॅकमरेची हवा मला मानवली नाही. इथे पगार जवळजवळ तेवढाच आहे आणि तळं आहे.

आता तुझा फ्रेंचमन. आत्या, तू पोस्टात उभं आयुष्य काढलंस, लोकांची पाकिटं न फोडता आतलं ओळखायचीस, आणि हे तुला कळत नाही? "पुन्हा येतो" ही या धंद्यातली पहिली चाल आहे. पहिल्या खेपेला बघतो. दुसऱ्या खेपेला मोजतो. तिसऱ्या खेपेला मान हलवतो. चौथ्या खेपेला म्हणतो, आता एवढं केलंय तर तेही करून टाकू. मी इथे असे पुष्कळ बघितलेत. आणि जो माणूस बॉयलरशी तासभर बोलतो तो त्या गप्पांचे पण पैसे लावणार, लिहून ठेव.

त्याला विचार: बॉयलर किती मोठा बसवणार? मोठा बॉयलर विकण्यात त्यांचा फायदा असतो. छोट्या घरात मोठा बॉयलर म्हणजे सशाला बैलाची पेंड. पेटतो, विझतो, पेटतो, विझतो, आणि तेल नुसतं पितो.

आणि सूप देऊ नकोस त्याला. एकदा सूप दिलं की भाव करता येत नाही.

खोलीबद्दल ख्रिसमसला ठरवू. इथलं काम तोवर असेल नसेल.

लॉकी

*

ग्लेन डर्ग
२९ ऑक्टोबर

प्रिय लॉकी,

मॅकमरेची हवा मानवली नाही म्हणे. मेरी जॅनेटचा मधला मुलगा त्याच हवेत काम करतो. तो घरी लिहितो की हवेचा जबडा दोन ठिकाणी मोडलाय, आणि ती आता मुकादमाची खुर्ची सोडून दवाखान्यात आहे. तुझे पत्ते मी हल्ली पेन्सिलनंच लिहिते.

सूप तर त्याला मिळतंच. मटणाचं मिळतं.

फिलियास मंगळवारी आला. चूल पेटवली नव्हती. आम्ही दोघं कोट, टोपी, हातमोजे घालून टेबलाशी बसलो, जणू गाडीची वाट बघतोय. त्यानं मेणबत्ती पेटवून प्रत्येक खिडकीशी धरली, ज्योत कुठे वाकते ते बघितलं. मग गुरुवारी तळघरासाठी आला. शनिवारी स्प्रूसच्या फांद्या आणल्या आणि घराच्या पायाशी चहूकडे रचून दिल्या, वारा लागू नये म्हणून. मी म्हटलं, हे कोटेशनमध्ये नव्हतं. तो म्हणाला, फांद्या वाटेत पडल्या होत्या. येताना कॉड मासा पण घेऊन आला, तोही बहुतेक वाटेत पडला असेल. ठोकायचं मात्र बंद केलंय एकदाचं. दाराची झीज थांबली.

बॉयलर छोटाच सांगितलाय, तुझ्या ससा-बैलाच्या आधीच. रेडिएटर जुनेच. त्यानं दोन कागद दिले. सातही खोल्या धरून एकोणीसशे. वरचं सोडून सोळाशे. मला वाटलं होतं वरचं सोडलं तर निम्मा खर्च वाचेल. तो म्हणाला, "बाई, बॉयलर निम्मा विकत मिळत नाही. शिवाय वर थंडी ठेवली की ती छतातून खाली स्वयंपाकघरात येऊन बसते. तिलाही तापवावं लागतं."

म्हणजे तू या घरात असण्या-नसण्याची किंमत तीनशे डॉलर. माझ्या अंदाजापेक्षा स्वस्त पडलास.

आता थट्टा पुरे. काल सकाळी बादलीतलं पाणी कडक झालं होतं. टाकीत तळाला असेल तेवढंच तेल आहे. पैसे मी पोस्टातल्या नोकरीतून बाजूला ठेवलेत, ते मागत नाही. पण एवढे पैसे एका बाईच्या उबेसाठी या घरात घालायचे, आणि माझ्यामागे इथे उंदीर नांदायचे, हे मला जमणार नाही. तू येणार नसशील तर मी घर बंद करते आणि इनव्हर्नेसच्या त्या खोलीत जाते. तिथे नाव घालायची मुदत नोव्हेंबरअखेर आहे. दोन्ही कागद टेबलावर आहेत. एक शब्द लिही. हो किंवा नाही. "बघू" हा शब्द नव्हे.

एफी आत्या

*

कोल्ड लेक
८ नोव्हेंबर

आत्या,

दोन्ही कागदांची नक्कल तू पाकिटात घातलीस हे बरं केलंस. बॉयलर आहे. टाकी आहे. पाइप आहेत. मजुरी कुठाय?

मजुरीची ओळच नाही! तुझ्या ध्यानात आलं का? एवढं काम, आठवडा जाईल, आणि मजुरी शून्य? मजुरी न लावणारा माणूस मी अजून जन्मात बघितला नाही. हा आता काम अर्धं उखडून ठेवणार, बॉयलर बाहेर काढून बर्फात उभा करणार, आणि मग म्हणणार, बाई, मजुरीचं राहिलंच. तेव्हा तू काय करशील? त्याला कॉड परत देशील? चार खेपा, फांद्या, मासा! अगं, जाळं टाकतोय तो. एकटी बाई, चांगलं घर, पोस्टाची पेन्शन. हाकलून दे त्याला.

आणि मला काय सारखी विचारतेस? मी काय उत्तर देऊ? इथे आज आहे, उद्या नाही. मला घरबीर लागत नाही. माझं सगळं एका पिशवीत मावतं. तुला तिकडे जायचंय ना, जा. प्लायवूड ठोक. माझ्यासाठी तीनशे डॉलर वाया घालवू नकोस.

लॉकी

*

ग्रँड प्रेरी, अल्बर्टा
३० नोव्हेंबर

प्रिय आत्या,

पत्ता पुन्हा बदललाय. या वेळी हवेला काही झालेलं नाही, कामच संपलं.

तीन आठवडे तुझं पत्र नाही. रेडिओवर तुमच्याकडचं वादळ सांगत होते. वाटलं बर्फानं टपाल अडलं असेल. मग वाटलं घर बंद करून गेलीस. मग वाटलं त्या फ्रेंचमननं बॉयलर काढून नेला आणि तू चुलीशी बसून गोठलीस. शेवटी काल मेरी जॅनेटला फोन लावला. चिल्लर मूठभर घेऊन उभा होतो. "हॅलो" म्हणायच्या आधीच तारेवर तीन जणांचे श्वास ऐकू आले.

"कोण, लॉकी? अगंबाई, तू आहेस अजून?"
"आत्या कशी आहे?"
"तिला काय धाड भरलीय! गाल लाल झालेत नुसते."
"घर बंद केलं का तिनं?"
"बंद? अंगणात ट्रक उभा असतो रोज."
"कोणाचा ट्रक?"
मधेच कोणीतरी पुरुष ओरडला, "फ्रेंचमनचा!" आणि अख्खी तार हसली. पाचही घरं. मी इथे नाणी टाकतोय आणि हे हसतायत.
मेरी जॅनेट म्हणाली, "परवा मी एफीकडे चहाला बसले होते. तर हा मागच्या दारानं आला. ठोकणं नाही, हाक नाही. बूट काढले, कपाटातून स्वतःचा कप घेतला, आणि चुलीशेजारच्या खुर्चीत बसला. आता तूच सांग बाबा."

पैसे संपले आणि फोन तुटला.

पुढच्या दारानं येतात ते पाद्री, पोलीस आणि शवपेटी. मागनं येऊन ठोकतो तो परका. आणि आपल्याकडे ठोकल्याशिवाय कोण आत येतं हे मला कोणी शिकवायला नको होतं. तू ऑक्टोबरातच लिहिलं होतंस की ठोकायचं बंद केलंय. मी वाचलं आणि पुढे पाइपाचा भाव बघत बसलो. मजुरीची ओळ शोधत बसलो! केप ब्रेटनच्या कुठल्याही शेंबड्या पोरानं ते वाक्य वाचून ओळखलं असतं. मला इथे येऊन तीनच वर्षं झाली आणि मी एवढा अल्बर्टावाला झालो.

आत्या, खरं का? आणि खरं असेल तर मी मागच्या पत्रात जे लिहिलं ते त्याला दाखवलंस का?

लॉकी

*

ग्लेन डर्ग
९ डिसेंबर

प्रिय लॉकी,

खरं. जानेवारीत लग्न आहे, ईस्टरआधीचे उपासाचे दिवस लागायच्या आत. हसायचं असेल तर तिकडेच हसून घे, तारेवर जागा उरलेली नाही.

हो, दाखवलं. दाखवलं म्हणजे मी ते चुलीत घालत होते, तर त्यानं हातातून काढून घेतलं. "जाळं टाकतोय" तिथे तो एवढा हसला की खोकला लागला. म्हणाला, "पोरगा हुशार आहे, जाळं बरोबर ओळखलं." मग शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला आणि हसायचा थांबला. म्हणाला, "याला हे घर हवंय, एफी. नको असलेल्या घरावरून कोणी एवढं चिडत नाही." मी म्हटलं, तुम्ही बॉयलरचं बघा.

मी मात्र हसले नाही. मला तुझा राग आला होता. "प्लायवूड ठोक" हे मला लिहायला तुझा हात कसा चालला? दहा वर्षांचा होतास तेव्हापासून त्या खोलीतले तुझे ओले मोजे मी रेडिएटरवर वाळवलेत. उत्तर दिलं नाही ते म्हणून, बर्फाबिर्फाचं नाव नको.

मजुरीचं विचारत होतास. मजुरी रोज संध्याकाळी इथेच जेवते आणि दुसऱ्यांदा वाढून घेते.

जुना रेडा तळघरातून निघाला तो तुकडे करून. नवा बॉयलर एवढासा आहे, आणि आवाज असा की चालू आहे का ते बघायला जावं लागतं. इनव्हर्नेसच्या खोलीत मी नाव घातलं नाही. टायवाल्याला कळवलंय की म्हातारी लग्नाच्या गडबडीत आहे.

कुठल्या कागदावर सही केली ते तू विचारलं नाहीस. सात खोल्यांच्या केली. तू हो म्हणालास म्हणून नव्हे. तुझ्या हो ची वाट बघत बसले असते तर उन्हाळा आला असता आणि बॉयलरच लागला नसता. फिलियाससाठीही नव्हे, त्याला खालची खोली पुरते. तीनशे डॉलर माझे आहेत, मी ते कुठेही उधळीन. कोणी बाया पैसे लावून पत्ते खेळतात, मी हे केलं.

पण वरचा रेडिएटर बंद आहे. गोठू नये एवढंच पाणी त्यातून फिरतं. त्याचा व्हॉल्व्ह तुझ्या पलंगाच्या उशाशी आहे, आणि मी तो उघडणार नाही. रिकाम्या खोलीला ऊब देत बसण्याइतकी मी अजून वेडी झालेली नाही.

एफी आत्या

*

ग्रँड प्रेरी
१७ डिसेंबर

प्रिय आत्या,

बुधवारी एडमंटनहून गाडी धरतोय. हे पत्र आधी पोचतं की मी, ते तुझ्या जुन्या खात्यावर आहे.

परतीचं तिकीट काढलेलं नाही. पैसे पुरले नाहीत म्हणून. त्यातून दुसरा अर्थ काढू नकोस, निदान मेरी जॅनेटसमोर तरी नको.

फिलियासना मी काय म्हणू? काका म्हटलं तर फ्रेंच माणूस रागावतो का? त्यांना सांग, जबडा मोडणारी हवा मी इकडेच सोडून येतोय. आणि त्यांना हाताखाली कोणी लागत असेल तर मला पाइपाला गोधड्या चांगल्या गुंडाळता येतात. मजुरी तुमच्याकडे कशी देतात ते आता कळलंच आहे. मीही दुसऱ्यांदा वाढून घेतो.

तू रागावलीस ते बरोबर आहे. याच्यापुढे एक वाक्य लिहिलं होतं, ते खोडलं. समोर आल्यावर म्हणीन, किंवा सरपण फोडून देईन, तुला जे चालेल ते.

आणि एक राहिलं. इतकी वर्षं कॅम्पात चाळीस घोरणाऱ्यांत झोपून मला मोकळ्या हवेची सवय लागलीय. मी खिडकी बोटभर उघडी ठेवून झोपतो, भर जानेवारीतसुद्धा. तू ओरडणार हे माहीत आहे, तरी ठेवणार. तेव्हा तेलाचा अंदाज त्या हिशोबानं धरा.

लॉकी